सुदाची चर्चा खूप झाली, हिशोब कधी करणार?

जून-जुलै हे निकालांचे आणि पहिल्या नोकऱ्यांचे महिने. कंपनीकडून फॉर्म येतो, त्यात खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड भरायचा असतो. ज्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं आहे त्यांच्या डोक्यात त्याच वेळी दुसराही एक आकडा फिरत असतो, पण तो नेमका किती हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपल्या घरांत या विषयावरचं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. एक, "सूद हराम आहे." आणि दुसरं, "बँकेचं अब्बू बघतात."

पहिलं वाक्य श्रद्धेचं, दुसरं सवयीचं. दोन्ही एकत्र आली की बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर स्वतःच्या नावावरच्या कर्जाबद्दल अंधारात राहतो. व्याज देऊ-घेऊ नये असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी खरं तर इतरांपेक्षा जास्त बारकाईने हिशोब ठेवायला हवा. आपल्याकडे उलट घडतं. विषयच नकोसा, म्हणून पासबुकही उघडायचं नाही.

या न बोलण्याची किंमत मोजावी लागते. बँकेचं शैक्षणिक कर्ज नको म्हणणारी घरं फीच्या तारखेला अम्मीचे दागिने सोनेतारण कंपनीत ठेवतात, किंवा गल्लीतल्या मायक्रोफायनान्स गटातून उचल घेतात. तिथे सूद नाही का? आहेच, आणि मायक्रोफायनान्सचा दर बऱ्याचदा वर्षाला 20 टक्क्यांच्या वर असतो. फरक इतकाच की तिथे कुणी व्याजदर मोठ्याने वाचून दाखवत नाही, "आठवड्याला इतके भरा" एवढंच सांगतात. दागिनेही पुरले नाहीत की फी कुणाची थांबवायची हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत मुलीच्या नावाने संपतं.

आता हिशोब. समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी 4 लाखांचं कर्ज मंजूर झालं. बँक दरवर्षी 1 लाख थेट कॉलेजला देते. व्याज 10 टक्के धरू. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. बहुतेक घरांत याचा अर्थ "पाच वर्षं काही द्यायचं नाही" असा लावला जातो, आणि घोळ तिथेच होतो. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलं नसतं. या काळात सरळ व्याज लागतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे 50,000, दुसऱ्यावर 40,000, तिसऱ्यावर 30,000, चौथ्यावर 20,000. एकूण 1 लाख 40 हजार. पहिल्या हप्त्याच्या दिवशी हे सगळं मुद्दलात मिळवलं जातं आणि 4 लाखांचं कर्ज 5 लाख 40 हजारांचं होतं. दहा वर्षांच्या मुदतीने फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे 7,136 रुपये.

हेच व्याज शिकत असतानाच महिन्याच्या महिन्याला भरलं असतं तर? पहिल्या वर्षी महिन्याला 833 रुपये, दुसऱ्या वर्षी 1,667, तिसऱ्या वर्षी 2,500, मग दोन वर्षं 3,333. शेवटचे आकडे सोपे नाहीत, मान्य. पण पहिल्या वर्षाचे 833 रुपये आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक भिशींच्या हप्त्यापेक्षा कमी आहेत. हे सगळं भरत गेलात तर पुढचा हप्ता 5,286 रुपयांवर राहतो आणि एकूण खर्चात सुमारे 82 हजार वाचतात. शिवाय शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात 1 टक्क्यापर्यंत सवलत देतात. सगळं जमत नसेल तर अर्धं भरा, चार महिने भरून पाचव्या महिन्याला थांबा. जेवढं भराल तेवढं मुद्दलाला चिकटायचं राहतं. ज्याला सूद कमीत कमी द्यायचा आहे त्याच्यासाठी याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

पदवी झालेल्यांचा तो काळ गेला, पण मधलं एक वर्ष तुमच्या हातात आहे. पहिला पगार आणि पहिला हप्ता यांच्यामध्ये बऱ्याचदा सहा-आठ महिने मोकळे असतात. त्या काळात मोबाइल बदलला जातो आणि गाडी बुक होते, कारण हातात पहिल्यांदाच पैसा आलेला असतो. वाढलेलं व्याज मुद्दलात जाण्याआधी भरायची हीच शेवटची संधी असते. शाखेत जाऊन विचारा: आजपर्यंतचं व्याज किती, ते मुद्दलात कोणत्या तारखेला मिळवणार, दर बदलता आहे की ठरलेला. बदलत्या दराच्या कर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही घरात 50 हजार बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून असतात आणि त्याच घराचं कर्ज 10 टक्क्यांनी वाढत असतं. वर्षाला 1,250 रुपये मिळवायचे आणि 5,000 द्यायचे, वर त्या 1,250 रुपयांचं काय करायचं हे मौलानांना विचारायचं!

मौलानांचा विषय निघालाच आहे तर. बँकेचं व्याज म्हणजेच कुरआनात निषिद्ध ठरवलेला रिबा का, यावर एकमत नाही. फजलुर रहमान यांनी 1964 साली रिबा आणि आजचं व्याज यांत फरक करणारी मांडणी केली. इजिप्तमध्ये अल-अझहरच्या इस्लामी संशोधन अकादमीने 2002 साली, सय्यद तंतावी प्रमुख असताना, बँकेतल्या ठेवींवरचा ठरलेला परतावा जायज ठरवला. आपल्याकडच्या बहुतेक उलेमांना हे मान्य नाही. जमा झालेलं व्याज काढून सवाबच्या अपेक्षेविना गरजूंना द्यावं, असं ते सांगतात. यातलं काय पटवून घ्यायचं ते प्रत्येकाने स्वतःच्या विवेकाने ठरवावं, त्यासाठी इथे निवाडा द्यायची गरज नाही. पण दुसरी बाजू मानायची तरी आपल्या खात्यात वर्षाला किती व्याज आलं हे माहीत हवंच ना? सूरह बकरातली 282 वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. कर्जाचे कागद न वाचता सह्या करणाऱ्या धार्मिक घरांनी ती एकदा अर्थासह वाचावी.

बिनव्याजी बँक आली की हे सगळे प्रश्न सुटतील, असं म्हणत आपली एक पिढी थांबली. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2008 साली बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली होती. 2017 साली माहिती अधिकारातल्या एका उत्तरात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं ठरलं आहे. ब्रिटनमध्येही असंच झालं. सरकारी विद्यार्थी कर्जावर व्याज असल्याने मुस्लिम मुलं मागे राहतात म्हणून 2014 मध्ये तिथल्या सरकारने सल्लामसलत केली, 2017 च्या कायद्यात पर्यायी योजनेची तरतूद केली, आणि त्यानंतरही मुलांच्या वाट्याला वर्षानुवर्षं वाट पाहणंच आलं. अशा रिकाम्या जागेत कोण शिरतं हे बेंगळुरूच्या आयएमए प्रकरणाने 2019 मध्ये दाखवलं. "हलाल" नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत गेली. त्यात मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलींच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा होता. बँकेत निदान 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. दाढीवाल्या माणसाच्या शब्दाला नसतो.

बँकांनीही आपल्याला जवळ केलंय असं नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक भाग ठरवतात, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचं व्याज भरणारी पढो परदेश योजना केंद्राने 2022-23 पासून बंद केली. त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण जे उरलंय ते तरी आपण पदरात पाडून घेतो का? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर मोरॅटोरियम काळातलं संपूर्ण व्याज केंद्र सरकार भरेल अशी योजना आहे. वरच्या हिशोबातले 1 लाख 40 हजार आठवा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही कमी दराने शैक्षणिक कर्ज देतं. यातलं काहीच आपोआप होत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेत अर्ज लागतो आणि तो अर्ज पुढे गेला का हे तीनदा विचारावं लागतं. धर्मामुळे कर्ज नाकारलं जातंय असा संशय आला तर नकार लेखी मागा. तोंडी नकाराची तक्रार पुढे नेता येत नाही.

आता नोकरी लागलेल्यांकडे वळतो, कारण त्यांच्यासमोरचं आमिष वेगळं आहे. पगार खातं उघडून तीन-चार महिने झाले की बँकेच्या ॲपवर निरोप येतो: तुम्हाला इतक्या हजारांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा मंजूर आहे. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढायची मुभा. वापराल तेवढ्या रकमेवर, वापराल तेवढ्या दिवसांचं व्याज. कागदावर हे वैयक्तिक कर्जापेक्षा बरं दिसतं, आणि पंधरा दिवसांच्या अडचणीसाठी खरंच बरं असतं. धोका असा की याला हप्ता नसतो आणि शेवटही नसतो. 22 हजारांचा पगार येतो, उणे 20 हजारांवरचं खातं 2 हजारांवर येतं, भाडं आणि मेस भरली की पुन्हा उणे. व्याज 14 टक्के धरलं आणि खातं सरासरी 20 हजारांनी उणे राहिलं तर महिन्याला 233 रुपये जातात. रक्कम छोटी, म्हणून बोचत नाही. म्हणूनच ती तीन-तीन वर्षं तशीच राहते.

विद्यार्थी ओव्हरड्राफ्ट हा प्रकार ब्रिटनमध्ये रुळलेला आहे. तिथे विद्यार्थी खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो आणि पदवीनंतर बऱ्याच बँका त्याची बिनव्याजी मर्यादा वर्षागणिक खाली आणतात. मुदत संपल्यावर जे उणे उरतं त्यावर साधारण 40 टक्के व्याज लागू शकतं. (आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी या बिनव्याजी मर्यादेवर बजेट बांधू नये. परदेशी विद्यार्थ्यांना ती सहसा मिळत नाही.) त्यातली टप्प्याटप्प्याने खाली येण्याची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. इथे बँक तुमची मर्यादा खाली आणणार नाही, उलट वाढवून देईल. तुम्हीच अर्ज करून ती दर तीन महिन्यांनी 5 हजारांनी कमी करून घ्या. ॲपवरून मिळणाऱ्या झटपट कर्जांबद्दल इतकंच की व्याज, शुल्क आणि वार्षिक दर सांगणारं मुख्य तथ्य विवरण देणं सक्तीचं आहे. ते न देणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. तो दर वर्षाचा समजणारे पदवीधर कमी नाहीत.

खातं कोणतं निवडावं? कंपनी सांगेल तिथे पगार खातं उघडावं लागतं, तो निर्णय तुमचा नसतो. पण पगार खात्याला किमान शिल्लक लागत नाही ही सोय पगार येत असेपर्यंतच असते. नोकरी गेली किंवा बदलली, आणि बहुतेक बँकांत तीन महिने पगार जमा झाला नाही, की ते साधं बचत खातं होतं आणि शिल्लक कमी म्हणून दंड सुरू होतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत नोकऱ्या बदलतातच. म्हणून पगार खात्याव्यतिरिक्त स्वतःचं एक कायमचं खातं ठेवा, जिथे किमान शिल्लकीची अट नाही अशा बँकेत. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये ही अट काढली, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली. खासगीकडे उलट वारं दिसतं. आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट 2025 मध्ये महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक 50 हजार केली आणि टीका झाल्यावर 15 हजारांवर आणली. चकचकीत ॲप आणि धातूचं कार्ड यासाठी 15 हजार अडकवून ठेवणं पहिल्या नोकरीतल्या माणसाला परवडत नाही.

हेही जमण्यासारखं नसेल तर कोणत्याही बँकेत मूलभूत बचत खातं मागता येतं. शून्य शिल्लक, एटीएम कार्ड मोफत, 2012 पासून हे रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांवर बंधनकारक केलं आहे. काउंटरवर "अशी योजना नाही" म्हणतात, तेव्हा नाव घेऊन मागा. अट एकच, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. आणि शिल्लक कमी असल्याच्या दंडापायी खातं उण्यात नेता येत नाही, हा 2015 पासूनचा नियमही लक्षात असू द्या. जुनं खातं बंद करायला गेल्यावर "आधी उणे रक्कम भरा" असं ऐकावं लागलं तर तो उपयोगी पडेल.

सहकारी बँका आपल्या माणसांच्या वाटतात, मॅनेजर मराठीत बोलतो, चहा विचारतो. ठेवा खातं. पण सगळा पैसा तिथे नको. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी होती.

शिष्यवृत्तीसाठी शाळेत काढलेलं जुनं खातं घाईने बंद करू नका. आधार क्रमांक ज्या खात्याला शेवटचा जोडलेला असतो त्यातच सरकारी अनुदान आणि महाडीबीटीचे पैसे येतात. पदव्युत्तर शिक्षणाची शिष्यवृत्ती यायची असेल तर आधी नव्या खात्याला आधार जोडून घ्या, ते झाल्याची खात्री करा, मग जुनं बंद करा.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. खातं मुलीच्या नावावर, मोबाइल क्रमांक भावाचा, एटीएम कार्ड अब्बूंच्या पाकिटात, हे चित्र सुशिक्षित घरांतही आहे. मोबाइल क्रमांक ज्याचा, ओटीपी त्याचा, म्हणजे यूपीआयही त्याचंच. पहिल्या नोकरीच्या फॉर्मवर स्वतःचा क्रमांक घाला आणि वारसदार म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. मेहर ही बायकोची मालमत्ता आहे हे निकाहाच्या वेळी सगळे सांगतात. ती तिच्या एकटीच्या खात्यात जमा झाली तर पुढे कुणाला काही सांगावं लागत नाही.

हप्ता थकतच असेल तर लपू नका. नव्वद दिवस थकलं की कर्ज बुडीत वर्गात जातं, आणि सहकर्जदार म्हणून अब्बू किंवा अम्मीची सही असते, त्यामुळे त्यांच्याही सिबिलवर ओरखडा येतो. त्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागता येते, म्हणजे हप्ता कमी होतो. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत. नातेवाइकांना, मस्जिदीतल्या लोकांना सांगू अशी धमकी दिली तर ती नोंदवून बँकेकडे आणि तिथून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.

शेवटची सूचना मोहल्ल्यातल्या जकात कमिट्यांना. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात कर्जात बुडालेले आहेत. आपली जकात बहुतेक मदरशांना आणि किराण्याच्या किटला जाते. हप्ता भरता न आल्याने घरी बसलेला पदवीधर त्या यादीत आपल्याला का दिसत नाही? रमजानआधी अशा दहा मुलामुलींची कर्ज खात्याची विवरणपत्रं मागवा, पडताळा, आणि पैसे त्यांच्या संमतीने थेट कर्ज खात्यात भरा. सुदासाठी जकात कशी द्यायची, असा प्रश्न कमिटीत येईल. हप्ते चालू असलेलं खातं निवडा. तिथे जादा भरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते.